रद्द न झालेला कागद

प्रश्न (थोडक्यात): पत्र लिहिणारे गृहस्थ ४३ वर्षांचे. नोकरीनिमित्त बारा वर्षं कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ राहतात. वडील ७१ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या शेअर विभागातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून वडील वर्षातले सहा महिने मुलाकडे येतात आणि दिवसभर घरात एकटे असतात. मागच्या खेपेला जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना सोन्याच्या खाणीचं एक जुनं शेअर सर्टिफिकेट तीस डॉलरला मिळालं आणि नाद लागला. आज बेचाळीस कागद जमलेत, साधारण १,९०० डॉलर गेलेत. पैसे वडिलांचेच, पण कार्ड मुलाचं. आता एका विक्रेत्याने १८७७ सालचं, शंभर शेअरचं एक सर्टिफिकेट २,४०० डॉलरला देऊ केलंय. खाण नेवाडातली, कंपनीचं ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोत. विक्रेता म्हणतो, "हे रद्द झालेलं नाही. कंपनी पुढे एका मोठ्या कंपनीत मिसळली, म्हणजे हक्क अजून जिवंत असू शकतो." महिनाअखेरपर्यंत त्याने कागद राखून ठेवलाय. मुलगा विचारतो: "बाबांना न दुखावता हे थांबवू कसं? आयुष्यभर काटकसर केलेला माणूस रद्दीवर पैसे घालतोय. त्यांचं काही बिघडलंय का, अशीही शंका येते."

उत्तर:

नमस्कार.

आधी महिनाअखेरचं बोलतो. ते २,४०० डॉलरचं सर्टिफिकेट बाबांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेल्या बेचाळीस कागदांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. मी मुंबईत बरीच वर्षं शेअर ट्रान्सफरचं काम केलं आणि जुने कागद जमवण्याची आवड मलाही आहे. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे हेच पत्र बाबांनाही वाचायला देता येईल.

विक्रेत्याचा सगळा भर 'रद्द झालेलं नाही' या शब्दांवर आहे. ऐकायला ते भारदस्त वाटतं, जणू न वटवलेला चेकच. पण सर्टिफिकेट रद्द कधी व्हायचं, ते आठवा. बाबांना हे माझ्याहून चांगलं माहीत असेल. शेअर विकला की जुना कागद कंपनीकडे परत जायचा, त्यावर शिक्का किंवा भोकं पडायची, तो पुस्तकातल्या आपल्या स्थळप्रतीला पुन्हा डकवला जायचा आणि नव्या मालकाच्या नावाने नवा कागद फाडून दिला जायचा. म्हणजे रद्द झालेला कागद सांगतो की कोणीतरी शेअर विकला, पैसे घेतले आणि बाहेर पडला. रद्द न झालेला कागद बहुतेक वेळा सांगतो की याच्या पुढे घेणारं कोणी मिळालंच नाही. कंपनी ज्याच्या हातात मेली, त्याचा तो कागद. जपून ठेवला असेल तो एका आशेवर, आणि नंतर नुसता टाकवला नाही म्हणून.

तेव्हा विक्रेता ज्याला हक्काची खूण म्हणतो, ती जास्त करून नुकसानीची खूण आहे. आणि त्या माणसाला १८७७मध्ये जी आशा विकली गेली, तीच आज तुमच्या बाबांना दुसऱ्यांदा विकली जातेय. माझा आक्षेप एवढ्यालाच आहे.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. नेवाडातल्या कॉमस्टॉक शिरेवरच्या खाणी (शीर म्हणजे खडकातला सोन्या-चांदीचा पट्टा, ही सापडली १८५९ साली) ज्या कंपन्यांच्या होत्या, त्या भागधारकांवर पट्टी बसवायच्या. खाण खोल गेली, पाणी लागलं, पंप हवा, की शेअरमागे अमुक सेंट किंवा डॉलर भरा. एकदा शेअर घेतला की सुटलो, असं नव्हतं. पट्टी भरली नाही तर शेअर थकबाकीत जायचा आणि जाहीर लिलावात विकला जायचा. कागद मात्र त्या माणसाच्या पेटीत तसाच राहायचा, कोरा करकरीत, ना शिक्का ना भोक. कॉमस्टॉकवरच्या मोजक्याच कंपन्यांनी घेतलेल्या पट्टीपेक्षा जास्त लाभांश दिला. म्हणजे कागद रद्द झालेला नाही, पण त्यामागचा शेअर कधीच गेलेला आहे, असं सहज असू शकतं.

आणि हे तपासता येतं! लिलावापूर्वी थकबाकीदारांची यादी वर्तमानपत्रात छापावी लागे. यादीत भागधारकाचं नाव, सर्टिफिकेटचा क्रमांक, शेअर किती आणि पट्टी किती थकली, एवढं सगळं असे. सॅन फ्रान्सिस्कोचं 'डेली आल्टा कॅलिफोर्निया' हे त्या काळातलं मोठं पत्र आज कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शनमध्ये घरबसल्या, फुकट वाचता येतं. बाबांना विक्रेत्याकडून सर्टिफिकेटचा क्रमांक आणि पुढच्या-मागच्या बाजूचा फोटो मागून घ्यायला सांगा. मग १८७७ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत कंपनीचं नाव शोधायचं. बारीक अक्षरातल्या त्या याद्या बघून तुम्हाला झोप येईल, पण ज्याने तीस वर्षं लेजर टॅली केलंय त्याला येणार नाही.

'मोठ्या कंपनीत मिसळली' याची शहानिशा करायला तर तुम्ही अगदी योग्य गावात राहता. नेवाडातल्या या खाणकंपन्यांपैकी बहुतेकांची नोंदणी कॅलिफोर्नियात झाली, कारण पैसा सॅन फ्रान्सिस्कोत होता. तिथलं शेअर मार्केटही याच खाणींच्या जोरावर १८६२ साली उभं राहिलं. १९०६च्या भूकंपात आणि आगीत त्या शहरातली असंख्य दप्तरं जळाली, पण कंपनी स्थापनेचे जे कागद राज्याकडे दाखल होत ते राजधानीत, सॅक्रामेंटोत होते, आणि आज ते कॅलिफोर्निया स्टेट आर्काइव्हजमध्ये बघता येतात. आधी वेळ ठरवून बाबांना तिथे घेऊन जा. कंपनी कधी स्थापन झाली, संचालक कोण, भांडवल किती, हे मिळेल. विलीनीकरणाचा पुरावा मात्र विक्रेत्याने द्यायचा. तोंडी नाही, लेखी. कोणत्या साली, कोणत्या कंपनीत, जुन्या शेअरच्या बदल्यात काय मिळणार होतं आणि बदलून घ्यायची मुदत काय होती? अशा व्यवहारांत मुदत असायची, आणि ती जाऊन शंभर वर्षं झालेली असतात. एवढं करूनही कागदावर हक्क सांगायचा, तर कंपनीच्या वहीतल्या मूळ मालकापासून बाबांपर्यंत मालकीची साखळी जोडावी लागेल. सर्टिफिकेट जुन्या बाजारात विकत घेतलं म्हणून शेअर आपल्या नावावर होत नाही, हे शेअर विभागातल्या माणसाला मी काय सांगणार!

आता किंमत. खाणींच्या जुन्या सर्टिफिकेटांना बाजार आहे, पण तो हक्काचा नाही, जमवणाऱ्यांचा आहे. नेवाडाच्या गोल्डफील्ड किंवा कोलोरॅडोच्या क्रिपल क्रीकच्या तेजीतले कागद हजारोंनी उरलेत, कारण तिथे शेअर सेंटांच्या भावात विकले गेले. ते वीस-पंचवीस डॉलरपासून मिळतात. कॉमस्टॉकचे साधे कागद त्याहून महाग, पण बहुतेक शे-दीडशेच्या आसपास. भाव चढतो तो प्रसिद्ध माणसाची सही असेल, साल अगदी सुरुवातीचं असेल (१८६०च्या आसपास शेअर मोजतच नसत, शिरेचे फूट मोजत, आणि कागदावर 'इतके फूट' असं लिहिलेलं असे), चित्र दुर्मीळ असेल किंवा अमेरिकेतल्या अंतर्गत युद्धाच्या काळातली महसुली तिकिटं लावलेली असतील तेव्हा. १८७७चा शंभर शेअरचा साधा कागद, नावाजलेली सही नसताना, २,४०० डॉलरचा नसतो. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "हक्काची गोष्ट बाजूला ठेवली तर याची किंमत किती?" जो आकडा येईल तो खरा भाव. वरचा सगळा त्या गोष्टीचा.

हे झालं त्या एका कागदाचं. आता तुमच्या 'रद्दी'कडे येतो.

माझ्याकडचा एक कागद तुम्हाला दाखवतो. तोही कॉमस्टॉकवरच्याच एका फसलेल्या खाणीचा, १८७६चा. पोस्टकार्डाच्या दुप्पट लांबीचा, पिवळसर, तीन घड्या पडलेला. मधे शिळाछापाचं चित्र: बोगद्यात लाकडी टेकू, दोघे खाणकामगार, एकाच्या हातात घण, दुसरा पहार धरून बसलेला, भिंतीत खोचलेली मेणबत्ती. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव, ब्रिटन अँड रे, सॅन फ्रान्सिस्को. क्रमांक हाताने घातलेला. शाई आता तपकिरी झालीय, आणि सेक्रेटरीने जिथे जोर दिलाय तिथे ती कागद खातेय. शेअर कोणाच्या नावावर? एका दलालाच्या, आणि नावापुढे त्याच हस्ताक्षरात 'ट्रस्टी'. मागे फिरवलं की त्याची सही, खाली जागा कोरी.

ही कोरी जागा बघून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. कारण हे तर आपलं ब्लँक ट्रान्सफर! कागद दलालाच्या नावावर, मागे त्याची सही, आणि मग या हातातून त्या हातात. खऱ्या मालकाचं नाव कंपनीच्या वहीत कधी येतच नाही. डिमॅट येण्यापूर्वी, म्हणजे १९९६च्या आधी, दलाल स्ट्रीटवर सही केलेले कोरे ट्रान्सफर फॉर्म असेच फिरायचे. सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून गठ्ठे परत यायचे. मी त्या गठ्ठ्यांत दिवस घालवलेत, तुमच्या बाबांनी सभासदांच्या शेअर-दाखल्यांत घालवले असतील. मला नाही वाटत त्यांना त्या बाजारात सोनं दिसलं. त्यांना आपलं टेबल दिसलं असेल. परक्या देशात, आई गेल्यानंतर, जिथे टीव्हीवरचं अर्धं कळत नाही आणि रस्त्यावर बोलायला माणूस नाही, तिथे एक कागद असा सापडला की जो त्या देशातल्या चारचौघांपेक्षा त्यांना जास्त नीट वाचता येतो.

तुम्ही लिहिलंय, 'आयुष्यभर काटकसर केलेला माणूस'. पण काटकसर करणाऱ्याने कधीच काही घेऊ नये, असं असतं का? दोन खेपांत १,९०० डॉलर, म्हणजे कागदामागे पंचेचाळीस. बाजारभावाच्या मानाने ही खरेदी बेहिशेबी नाही, उलट बऱ्यापैकी नेटकी आहे. हे पैसे परत येतील असं मी म्हणत नाही. विकायला गेलात तर विक्रेता अर्धी किंमत देईल, कदाचित त्याहून कमी. गुंतवणूक म्हणून हे घेऊच नये, आणि बाबा तसं म्हणत असतील तर त्यांना ते सोडून द्यायला सांगा. आवड म्हणून मात्र हा खर्च त्यांच्या ऐपतीतला आहे, आणि तो त्यांच्याच पैशाचा आहे. कार्ड तुमचं असल्यामुळे निर्णयही तुमचा, असं नकळत झालंय का, ते एकदा तपासून बघा. त्यांना एक वेगळं प्रीपेड कार्ड द्या, खेपेला किती खर्च करायचा तो आकडा त्यांनाच ठरवू द्या आणि मग हिशेब विचारू नका. ते ठेवतीलच.

'काही बिघडलंय का' ही शंका मनात आली, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. वयस्कर माणसांना गाठणारे लोक असतात आणि काळजी रास्त आहे. पण खुणा वेगळ्या असतात. एकच बिल दोनदा भरणं, घेतलेली वस्तू विसरणं, विक्रेत्याचे फोन लपवणं, कोणाला सांगू नका म्हणून पैसे पाठवणं. यातलं काही दिसत असेल तर डॉक्टरांकडे जरूर न्या. बेचाळीस कागद तारीखवार लावून ठेवणारा आणि मोठ्या खरेदीआधी घरात सांगणारा माणूस मला तरी शाबूत दिसतो. या एका कागदाला ते भुलले, पण या गोष्टीला फार हुशार माणसं भुलली आहेत. १८७३मध्ये कॉमस्टॉकवरच्याच कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया खाणीत मोठं घबाड लागलं आणि १८७५च्या जानेवारीत तिचा शेअर ७०० डॉलरच्या घरात गेला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला, ज्या बँकेने या खाणींना वर्षानुवर्षं पैसा पुरवला त्या बँक ऑफ कॅलिफोर्नियाने दारं बंद केली. आपणही काही मागे नव्हतो. सॅन फ्रान्सिस्कोत कॉमस्टॉकची पहिली तेजी चालू होती त्याच सुमाराला मुंबईत कापसाच्या पैशावर बॅकबे रेक्लमेशन या समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या पुढे गेला होता, आणि १ जुलै १८६५ला सगळं कोसळलं.

तेव्हा थांबवण्यापेक्षा तुम्ही वाट थोडी वळवावी, असं मला वाटतं. सगळ्या जगातले खाणकागद जमवायचे तर त्याला अंत नाही. एक हद्द आखून घेतली की खर्चही आटोक्यात राहतो आणि संग्रहाला अर्थ येतो. तुमच्या घरापासून दिवसात जाऊन येता येईल एवढ्याच टापूतल्या कंपन्या घ्यायच्या, अशी हद्द मी सुचवेन. ग्रास व्हॅलीची एम्पायर माइन १८५०ला सुरू झाली आणि १९५६पर्यंत चालली. आज तिथे उद्यान आहे, आणि खाणीत उतरायच्या विहिरीच्या तोंडाशी उभं राहता येतं. मॅलकॉफ डिगिन्सला जा. तिथे नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीने पाण्याच्या तोफांनी अख्खे डोंगर धुऊन काढले. तो गाळ नद्यांतून खाली, तुमच्या सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात आला, शेतं बुडाली, शेतकरी कोर्टात गेले, आणि १८८४मध्ये न्यायमूर्ती सॉयर यांनी गाळ नदीत सोडायला बंदी केली. त्या पद्धतीच्या खाणींच्या कागदांवर कधीकधी त्या तोफांची चित्रं असतात. सकाळी चित्र हातात आणि दुपारी तो खरवडलेला डोंगर समोर! शनिवारी गाडी तुम्ही चालवायची आणि गोष्ट बाबांनी सांगायची.

साताऱ्याला परतल्यावरही हा नाद पुढे नेता येतो. १८८०च्या सुमाराला लंडनमध्ये भारतातल्या सोन्याची अशीच लाट आली होती. वायनाडसाठी काढलेल्या कंपन्या बुडाल्या, पण त्याच वर्षी निघालेली म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी कोलारमध्ये टिकली, आणि तिथल्या खाणी २००१पर्यंत चालू होत्या. या कंपन्यांचे कागद अधूनमधून विक्रीला येतात.

नवीन कागद घेताना एक भिंग जवळ असू द्या. जुन्या शिळाछापाची किंवा पोलादी ठशाची रेघ अखंड दिसते. आजच्या रंगीत प्रतीत तीच रेघ ठिपक्यांची होते. सही भिंगाखाली बघा, निबाच्या दोन टोकांचे दोन कडक काठ दिसायला हवेत. कंपनीचा उठावाचा शिक्का मागून बोटाला लागतो. न वापरलेले कोरे फॉर्म स्वस्त असतात आणि काही लोक त्यावर आज नाव-तारीख लिहून विकतात, म्हणून शाई घडीच्या वर बसलीय की घडीच्या आधीची आहे, तेही बघावं. घडीनंतर लिहिलेलं असेल तर शाई त्या चिरेत पसरते.

जपण्याबद्दल एकच कळकळीची विनंती: लॅमिनेशन करू नका. माझ्याकडचा पहिला कागद मी हौसेने लॅमिनेट करून आणला. दुकानदाराने चांगल्या मनानेच केलं, पण उष्णतेने शाई फिकटली आणि आता तो प्लास्टिकमधून निघत नाही. चिकटपट्टी नको, पीव्हीसीचे पारदर्शक खिसे नकोत. पॉलिएस्टरचे, आम्ल नसलेले खिसे अमेरिकेत सहज मिळतात, ते जाताना पुरेसे घेऊन जा. प्रवासात दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या बॅगेत न्या आणि खरेदीच्या पावत्या वर ठेवा. साताऱ्याला पावसाळ्यात कसर आणि बुरशी दोन्हींची भीती, तेव्हा भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आश्विनात ऊन कडक झालं की कपाट उघडून हवा लागू द्या. कागद मात्र उन्हात नको.

आता महिनाअखेरपर्यंतचे दिवस. बाबांना "घेऊ नका" असं म्हणू नका. त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवा, त्या जुन्या वर्तमानपत्राचं पान उघडा आणि म्हणा, "बाबा, या क्रमांकाची थकबाकी आहे का बघा ना." थकबाकी निघाली तर प्रश्नच मिटला. नाही निघाली तरी विक्रेत्याला लेखी पुरावा मागायचा आहेच, आणि तो पुरावा तपासणारा माणूस तुमच्याच घरात आहे. शोधताना बाबांनी आपल्या आधीच्या बेचाळीस कागदांचे क्रमांकही शेजारी घेऊन बसावं. त्यातला एखादा जरी यादीत सापडला, तर त्या भागधारकाचं नाव आणि किती डॉलर थकले होते ते मला जरूर कळवा.